मोडीचें वळण व यंत्राची सोय

जुलै २०२१ मध्यें सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें. त्यानंतर कांहीं दिवसांनीं एका घरचा भिजलेला रुमाल आमच्या हातीं आला. कागद मोडी होते. काजळीची शाई बरीचशी टिकली होती. वाचणारें मात्र त्या घरीं कोणी उरलें नव्हतें.

मोडी ही लिहिणाऱ्या हाताच्या सोयीनें घडलेली लिपि होय. कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी व तिला अक्षरें लटकावीत जाई. बोरू होईल तितका कमी उचली. शब्द तोडावयाचे नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाहावयाचें नाहीं. छापखान्यास प्रत्येक अक्षर सुटें लागतें; त्यास नेमकें हेंच अडचणीचें. तथापि मोडीचे खिळे होऊंच शकत नव्हते असें नव्हे. विल्यम केरीचा मराठी कोश इ. स. १८१० सालीं श्रीरामपुरास मोडी खिळ्यांनींच छापला गेला. यंत्र वांकूं शकत होतें. पुढें वांकला तो मनुष्य. २५ जुलै १९१७ रोजीं मुंबई सरकारनें कारभाराकरितां मोडीऐवजीं बालबोध ठरविली. हेतु एकरूपतेचा होता, पण छापखान्याची सोयहि त्यांत आलीच. रत्नागिरीस असतांना सावरकरांनीं तर छपाई व टंकलेखन यांकरितां बालबोधीलाहि मुरड घालून 'अि', 'अु' अशीं रूपें पुढें आणलीं.

२०१४ सालीं युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत मोडीस स्थान मिळालें. यंत्र उशिरां कां होईना मागें वळलें. तरीहि नक्कल बहुतेक बालबोधींतच होते, आणि तेथें फसगत आहे. पोलादपुराकडील एका पत्राची नक्कल संगणकावर करितांना आम्हींच फसलों. मोडींत 'दिन' आणि 'दीन' सामान्यतः सारखेच लिहीत. कळफलक मात्र विचारतो : ऱ्हस्व कीं दीर्घ? आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलेलें. व्याकरण पाहून आम्हीं बेधडक 'दिन' केलें. चार ओळींनंतर तें लिहिणाराचें दैन्य निघालें! जो निर्णय त्यानें घेतलाच नव्हता, तो आम्हीं त्याच्या नांवावर घातला होता. ही चूक बोरूनें नक्कल करितांनाहि झाली असती हें खरें. पण तेथें संशयित अक्षर संशयितच ठेवितां येतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, आधीं छायाचित्र घ्यावें, मग मोडी जशी दिसते तशी उतरावी, आणि बालबोध वाचन शेवटीं, शंकास्थळें दाखवून, द्यावें. महाडच्या त्या रुमालांतील चौदा कागदांचीं छायाचित्रें झालीं आहेत. बाकीचे अद्याप एकमेकांस चिकटलेले आहेत.