घरातील कामगार आणि शाळेतील इतिहास

पानिपतची लढाई कोणत्या साली झाली, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो तत्काळ १७६१ असे सांगतो. त्याच मुलाला, 'बाळ, तुझे आजोबा कोणत्या खात्यात होते?' असे विचारावे, तर तो म्हणतो, 'गिरणीत होते.' यापलीकडे त्याला काही ठाऊक नसते. आजोबांची तीस-पस्तीस वर्षे ज्या साच्यांपुढे गेली त्यांवर कोणते कापड निघत असे, पाळी केव्हा सुरू होई, हातात पगार किती पडे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आजोबाही आपण होऊन सांगत नाहीत. आपले आयुष्य म्हणजे पोटाची खटपट, तिला इतिहास कोण म्हणणार, अशी त्यांची समजूत असते. आम्ही कामगार चळवळीत वावरणारी माणसे हा प्रकार घरोघर पाहतो, आणि म्हणूनच येथे हा विषय घेतला आहे.

मोठ्यांच्या हकीकती मुलांनी लिहाव्यात, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता नावाच्या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालवलेल्या शाळेत ती शिकली होती. आपल्या माणसांनी काय काय सोसले ते तिने त्यात मांडले. पेशवाईतल्या ज्या गोष्टी ती सांगते त्या तिच्या जन्मापूर्वीच्या आहेत. त्या तिला मोठ्यांच्याच तोंडून कळल्या असणार. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचा इतिहास त्यांच्याच घरातल्या शाळकरी मुलीने लिहिला. तोच धडा पुढच्या शाळांनी गिरवला असता, तर आज कामकरी लोकांच्या इतिहासाला साधनांची वाण पडली नसती.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेऊ. कावसजी दावर यांनी १८५४ साली येथे पहिली कापड गिरणी काढली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची रांगच उभी राहिली, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसे भोंग्याच्या तालावर जगू लागली. १९८२ साली हे कामगार सुमारे अडीच लाख होते. अशा घरातल्या मुलाने हातात वही घेऊन चार साधे प्रश्न विचारले, तर काय हाती लागेल ते पाहू.

पहिला प्रश्न असा: 'आजोबा, तुम्ही कामाला कधी लागलात, आणि तुमचे वडील कधी लागले?' या प्रश्नाने कारखान्यांच्या कायद्यांचा सारा इतिहास उघडतो. १८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून मात्र दिवसाला नऊ तास काम घेण्याची मोकळीक होती. मोठ्या माणसाने किती तास राबावे, यावर तर काही मर्यादाच नव्हती. १८९१ साली ती वयाची अट नऊ वर्षांवर आली, १९२२ साली बारा आणि १९४८ साली चौदा. तिसरी-चौथीतल्या मुलाने आपले वय या आकड्यांशेजारी मांडून पाहावे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपण जन्मलो असतो तर आज या वेळी कोठे असतो, हे त्याला कोणी वेगळे सांगावयास नको.

याच ओघात रविवारची गोष्ट येते. रविवारची सुटी मुलाला सूर्योदयाइतकी स्वाभाविक वाटते. १८८४ साली 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अपघात झाल्यास भरपाई, एवढीच मागणी होती. ती रविवारची सुटी मिळावयास १८९० साल उजाडले. आजची सुटी साडेपाच हजार माणसांच्या सह्यांपासून आली, हे कळले म्हणजे मूल सुटीकडेही वेगळ्या नजरेने पाहते.

दुसरा प्रश्न खात्याचा. 'तुम्ही साचे खात्यात होता की रिंग खात्यात?' हा प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. पण त्यात आपल्या समाजाचे एक जुने दुखणे लपले आहे. साचे खात्यात मजुरी अधिक. तेथे धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्य मानलेल्या माणसाने तोंड लावलेला धोटा हाती घ्यावयास इतर विणकर तयार नसत, आणि त्यामुळे दलित कामगारांस त्या खात्याचे दार बंद होते. एकाच भोंग्याला उठणारी, एकाच संपात उपाशी राहणारी ही माणसे! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडला. आमच्या चळवळीचा अभिमान आम्हांला आहे. परंतु मुलांना सांगताना हे पान गाळून पुढे जाण्याचा अधिकार आम्हांला नाही. जॉबरला दस्तुरी दिल्याखेरीज कामावर चढता येत नसे, हेही त्यांना कळू द्यावे. ती लाचलुचपत आटोक्यात यावी म्हणून १९३५ साली बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू करावी लागली.

तिसरा प्रश्न आजीला विचारावयाचा, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. शाळेच्या वहीत मुले लिहितात: 'आजोबा गिरणीकामगार होते. आजी काही करीत नव्हती.' आजीजवळ बसून विचारावे, 'आजी, तू किती माणसांचे जेवण करत होतीस?' गिरणगावात हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून एकटे राहत. त्यांच्या पोटाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसांचे दोन वेळचे जेवण दहा बाय बाराच्या खोलीत रांधायचे, पाळीप्रमाणे वाढायचे आणि पैशांसाठी पगाराच्या तारखेची वाट पाहायची. संप झाला की उधारी थकली. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. 'काही करीत नव्हती' हे वाक्य त्यानंतर वहीतून खोडावेच लागते. काही घरांत पणजी स्वतःच वाइंडिंग खात्यात असल्याचे निघते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. पुढे हे प्रमाण इतके घटले की नातवंडांना ते खरेही वाटत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. 'संपानंतर तुम्ही काय केलेत?' १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, आणि तो रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. त्यानंतर कोणी रखवालदार झाले, कोणी वडापावची गाडी लावली, कोणी गावची वाट धरली. कित्येक घरांत या विषयावर मौन आहे. मुलाचे शिक्षण थांबले, बायकोचे डोरले गहाण पडले, याची बापाला शरम वाटत राहिली; खरे तर त्यात शरमेचे काही नव्हते. मुलांना जे सांगवले नाही, ते पुष्कळदा नातवाला सांगवते. नातू हिशेब मागत नाही. तो नुसते विचारतो. मात्र आजोबा गप्प झाले तर वही मिटून ठेवावी. त्यांच्या मौनाचा मान राखणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

सांगितलेले सारे जसेच्या तसे खरे मानू नये, हेही मुलांना शिकवले पाहिजे. माणसाची आठवण सनावळीने चालत नाही. 'थोरला झाला त्या साली', 'गावचे घर पडले त्या पावसात', अशी ती चालते. म्हणून आजोबांचे बोलणे शेजारच्या काकांच्या बोलण्याशी ताडून पाहावे, आणि मग पत्र्याची ट्रंक उघडावी. हजेरीचे कार्ड, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, सर्व्हिस सर्टिफिकेट, यांतील एखादा कागद तरी तेथे निघतोच.

आणि हे कागद नुसत्या इतिहासाच्या कामाचे नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जो पटावर होता तो हक्कदार ठरला. म्हाडाने २०१२ साली मोठी सोडत काढली. अर्ज आले दीड लाखाहून अधिक. आपण गिरणीत होतो हे ज्यांनी हाताला घट्टे पडेपर्यंत राबून सिद्ध केले, त्यांना ते पुन्हा कागदावर सिद्ध करावे लागले. ज्याच्या घरी तिकीट नंबर कोणाला ठाऊक नव्हता, त्याची पायपीट आम्ही जवळून पाहिली आहे. घरच्या माणसाचे काम घरात ठाऊक नसले, तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

संपाच्या वेळी जो पस्तिशीत होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. थोड्याच दिवसांत सुटी लागेल. मुले कोकणात, घाटावर आजोळी जातील. पालकांनी व शिक्षकांनी त्यांच्या पिशवीत एक कोरी वही घालावी आणि पहिल्या पानावर चारच गोष्टी लिहून द्याव्यात: गिरणीचे नाव, खाते, तिकीट नंबर, कामाला लागल्याचे साल. पुढची पाने आजी-आजोबा भरतील. ज्या घरी कोणी गिरणीत नव्हते, तेथे कोणी गोदीत असेल, कोणी एसटीत, कोणी विड्या वळत असेल. प्रश्न तेच लागू पडतात. विचारणारा मात्र पाहिजे, आणि तो याच सुटीत पाहिजे.