जुन्या मोटारीचे इंजिन का थरथरते?

गाडी उभी असताना, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या मंद गतीने फिरत राहते, तिला 'आयडलिंग' म्हणतात. जुन्या मोटारींची पहिली तक्रार बहुधा येथेच सुरू होते. सिग्नलला इंजिन थरथरते, मधूनच बंद पडते. गॅरेजमध्ये यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून देणे. त्याने थरथर लपते. दोष मात्र तसाच राहतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

१९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० हे याचे परिचित उदाहरण. २००० सालच्या सुमारास एमपीएफआय इंजिन येईपर्यंत या गाडीला कार्बोरेटर होता. ७९६ सीसीचे हे इंजिन तीन सिलिंडरचे. मिनिटाला सुमारे ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगला त्यात मिनिटाला १३५० वेळा ठिणगी पडते. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर स्वाभाविकच असते. मात्र एक सिलिंडर निकामी झाला, की एकतृतीयांश शक्ती जाते आणि थरथर स्टीअरिंगपर्यंत पोहोचते.

आधी निरीक्षण

थरथर केव्हा होते, यावरून निम्मे निदान होते. केवळ सकाळी थंड इंजिनात होत असेल तर चोक तपासावा. एसी लावल्यावरच होत असेल, तर एसीच्या भारानुसार आयडलिंग वाढवणारी यंत्रणा पाहावी. इंजिनाचा आवाज एकसारखा असूनही गाडीचा सांगाडा हादरत असेल, तर दोष इंजिनात नसून त्याखालील रबरी माउंटिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. ठरावीक अंतराने ठोका चुकत असेल, तर मेकॅनिकांच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करते आहे, असे समजावे.

ठिणगीची तपासणी

सर्वप्रथम स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग निरोगी सिलिंडरची खूण. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे मिश्रणात हवा जास्त, तर तेलकट ओला प्लग म्हणजे इंजिन ऑइल वर येत असल्याचे चिन्ह. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता; सगळे सारखेच काळे असतील तर तो कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरकडे शोधावा.

त्यानंतर हाय टेन्शन वायर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर आणि काँटॅक्ट पॉइंट पाहावेत. पावसाळ्यातच तक्रार उद्भवत असेल तर टोपीतील ओल किंवा वायरीची चीर हे कारण संभवते. अंधारात इंजिन सुरू ठेवल्यास चिरेतून निसटणारी ठिणगी डोळ्यांना दिसते.

हवेची गळती

आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिनात जाणारी हवा अत्यल्प असते. त्यामुळे व्हॅक्यूम पाइपच्या छोट्याशा चिरेतून शिरलेली हवाही मिश्रण बिघडवते. वेग वाढला की याच हवेचे प्रमाण नगण्य ठरते. म्हणूनच उभी असताना थरथरणारी गाडी पळताना सुरळीत वाटते. एकेक पाइप चिमटीत दाबून पाहावा. इंजिनाची चाल सुधारली तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पुढे आहे. ब्रेक बूस्टरच्या पाइपाकडे दुर्लक्ष करू नये. तो फाटल्यास ब्रेकचे पेडल कडक होते, आणि मग प्रश्न केवळ थरथरीचा राहत नाही.

गळती नसेल तर कार्बोरेटरचा स्लो जेट कचऱ्याने तुंबला आहे का, ते पाहावे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही येथे विचार करावा लागतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते आणि कार्बोरेटर ते आपोआप सुधारू शकत नाही. जुन्या रबरी नळ्याही त्याने लवकर खराब होऊ शकतात.

अखेरची परीक्षा

एवढे करूनही दोष न सापडल्यास टॅपेट सेटिंग तपासून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आढळल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी असेल, तर बहुधा त्यांच्यामधले गॅस्केट जळालेले असते.

पीयूसीची पावतीही बरेच सांगून जाते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. हा आकडा चढा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तो कमी असून हायड्रोकार्बन मात्र भरमसाट असतील, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे.

ही तपासणी बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीवघेणा असतो. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला निमंत्रण. आयडलिंगचा स्क्रू फिरवायचा तो सर्व दोष दूर झाल्यानंतर, सर्वांत शेवटी.