दक्षिणद्वार आणि पोटखराब : शिरोळच्या पाणथळ जमिनीचा इतिहास

महसुली मराठीतील काही शब्दांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. तरीही एखाद्या मुलखाचे भवितव्य त्या शब्दांनी ठरवलेले असते. 'पोटखराब' हा त्यांतलाच एक शब्द. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली तो मुकाट्याने बसलेला असतो. शेताच्या पोटात जो भाग पिकाच्या कामाचा नाही, तो पोटखराब. शिरोळ तालुक्यात ओढ्याकाठच्या आणि पाणथळ जमिनीवरून नव्या वसाहतींकडे जाणारे रस्ते कसे मंजूर होत गेले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात या शब्दापासून करावी असे आम्हांस वाटते.

या शब्दाचा जन्म तुच्छतेतून झालेला नाही. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या मोजणीचे आणि आकारणीचे काम हाती घेतले. पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत त्या कामाच्या पायावर उभी राहिली. जेथे पीक येत नाही तेथे सारा घेऊ नये, हे त्यामागचे न्याय्य तत्त्व होते. खडक, ओढा, दलदल वगळून उरलेल्या जमिनीवर आकार बसवायचा, म्हणजे पोटखराब ही रयतेला दिलेली सूटच होती. स्वातंत्र्यानंतरच्या महसुली नियमांतही ही विभागणी टिकून राहिली. वर्ग 'अ' म्हणजे शेतीस अयोग्य जमीन. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली, रस्ता वा पायवाट यांनी व्यापलेली, किंवा इतरांच्याही वापरातील ओढा वा तळे यांनी व्यापलेली जमीन. येथे क्षणभर थांबावे. रस्ता आणि ओढा हे दोघे कागदावर एकाच वर्गात, शेजारी शेजारी नांदत आहेत. दोन्हींवर सारा नाही, दोन्ही 'सार्वजनिक'. त्यांतल्या एकाने दुसऱ्याची जागा घेतली तर दप्तराला त्यात फारसे वावगे वाटत नाही. साऱ्याच्या हिशेबातून पाणी वगळले गेले, आणि काळाच्या ओघात ते विचारातूनही वगळले गेले.

शिरोळमध्ये मात्र पाणी वगळून काहीच सांगता येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा येथे नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. वारणा उत्तरेच्या सीमेवरून येऊन हरिपूरजवळ कृष्णेत शिरते, तर दूधगंगा दानवाडजवळ येऊन मिळते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस या एका सपाट तालुक्यात येऊन एकत्र होतो. कृष्णा भरून वाहत असली म्हणजे ती पंचगंगेला आत घेत नाही. पंचगंगेचे पाणी मागे सरते आणि आडवे पसरते. यालाच या भागातील लोक 'फूग' म्हणतात. फूग धावत येत नाही. ती ओढ्यांच्या तोंडांतून उलट दिशेने शेतांत शिरते, पाणंदी भरते, सखल जमिनीत कित्येक दिवस थांबते आणि आली त्याच वाटेने परत जाते. ज्या जमिनीला दप्तराने पोटखराब म्हटले, ती पुराच्या हिशेबात नदीच्या पोटातली जमीन असते. काठची मळी सुपीक का, या प्रश्नाचे उत्तरही त्याच मुक्कामात आहे.

हे ज्ञान या मुलखाला होते, याचा सर्वांत जुना आणि जिवंत पुरावा नृसिंहवाडीच्या देवळातच सापडतो. पंधराव्या शतकात नृसिंह सरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य झाले, अशी परंपरा आहे. ज्या पादुकांसाठी लोक येतात त्या नदीच्या अगदी काठावर आहेत. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी उत्तरेच्या दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना एकदा आणि उतरताना पुन्हा, असा त्याचा योग येतो, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक दुरून येतात. श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांचा. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एवढेच पाहावे की, नदीकाठी बांधलेल्या या वास्तूने पाणी येणार हे गृहीत धरले आहे, आणि ते बाहेर जाण्यासाठी दार ठेवले आहे. पाणी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवायची, हा तेथील रिवाज आहे. पुराला शत्रू न मानता त्याच्या येण्याजाण्याची व्यवस्था करणे, हे या वास्तूचे शहाणपण आहे.

दुसरा पुरावा आधुनिक आहे आणि तो थेट नव्या वसाहतीचाच आहे. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याच मार्गालगत राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या नावे जयसिंगपूर वसवले. काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, रुंद रस्ते आणि व्यापारासाठी पेठ अशी त्याची आखणी होती. उदगाव, शिरोळ, कुरुंदवाड ही जुनी गावे नदीच्या सान्निध्यात वाढली. हे नवे गाव मात्र काठापासून हटून रेल्वेच्या सोयीने वसले. पुराचा विचार त्या निवडीत किती होता, यावर आम्ही पैज लावणार नाही. परिणाम मात्र सर्वांनी पाहिला आहे. शेजारची गावे पाण्यात गेली म्हणजे लोक निवाऱ्यासाठी जयसिंगपूरची वाट धरतात. नवी वसाहत, नवा रस्ता, नवा व्यापार यांना नदीच्या पोटातली जमीन लागतेच असे नाही, हे याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले होते.

मग पुढे काय बदलले? उपसा सिंचन आले, ऊस आला, सहकारी साखर कारखाना आला आणि तालुका समृद्ध झाला. त्याच समृद्धीने जमिनीत पाणी साठवले आणि क्षार वर आणले. शिरोळची क्षारपड जमीन हा आज महाराष्ट्रभर चर्चिला जाणारा विषय आहे. ती पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याचे मोठे काम येथील दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने झाले आहे, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ज्या तुकड्यात पीक येत नाही तो प्लॉट पाडून विकावा, असा मोह एखाद्या कुटुंबाला झाला तर त्याला दोष देणे सोपे नाही. कायद्यानेही वाट रुंद केली. २०१७ नंतरच्या दुरुस्त्यांनी, विकास आराखड्यातील आणि गावठाणालगतच्या २०० मीटरच्या आतील जमिनीस स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज बरीच कमी झाली. नागरिकांचा हेलपाटा वाचवणे हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण त्या एका हेलपाट्यात, हा तुकडा पावसाळ्यात कोणाचा असतो, असे विचारण्याची जी एक संधी होती, तीही गेली.

आणि प्लॉटच्या आधी रस्ता येतो. पोहोचरस्त्यावाचून मांडणी मंजूर होत नाही. म्हणून पाणंदीवर मुरूम पडतो, ओढ्यावर सिमेंटच्या नळ्यांची मोरी बसते, पुढच्या पावसाळ्यात पाणी चढले म्हणून भराव आणखी हातभर वाढतो. रस्ता झाला म्हणजे दिवे येतात, दिव्यांमागे घरे येतात, आणि घरे आली की तो रस्ता पुरात बंद पडू नये अशी मागणी येते, जी कोणीही नाकारू शकत नाही. घर पाण्याची जागा व्यापते. भरावाचा रस्ता पाण्याची वाट अडवतो. दोहोंत अधिक गंभीर काय, हे फूग पाहिलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

नियम नाहीत असे नव्हे. १९८९ च्या शासकीय परिपत्रकाने पूररेषांची चौकट दिली. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोहोंच्या मध्ये जोते पुराच्या पातळीहून उंच ठेवण्यासारख्या अटींवर मुभा. परंतु या नियमांची नजर मुख्यतः इमारतीवर आहे. शिवाय जोते उंच करण्यासाठी भराव घातला की अट पाळली जाते आणि शेजाऱ्याचे पाणी वाढते. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारामुळे पाणथळ जागांना जगभर प्रतिष्ठा मिळाली. भारताने त्यासाठी २०१० आणि २०१७ साली नियम केले. २०१७ च्या व्याख्येतून नदीचे पात्र आणि भातखाचरे वगळली आहेत. नियमांचे पूर्ण कवच मिळायचे तर जागा रामसर यादीत हवी किंवा अधिसूचित हवी. वर्षाकाठी काही आठवडे नदी होणारी आणि उरलेले महिने ऊस वा गवत धरणारी शिरोळची जमीन अशा चौकटींत मावत नाही. महसुलासाठी ती खराब, पर्यावरणासाठी अनधिसूचित, नगररचनेसाठी मोकळी. तीन खाती, तीन नावे. त्यांत पाण्याचे नाव कोठेच नाही.

हिशेब मात्र चुकता होत गेला. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीच्या भरलेल्या खाजणांची चर्चा देशभर झाली. त्याच पावसाळ्यात शिरोळची गावे दीर्घकाळ पाण्यात होती, त्यांची चर्चा तुलनेने कमी झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ते ५७ फुटांपलीकडे पोहोचले. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळी शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. अलमट्टीच्या फुगवट्याला तिने त्या पुराचे कारण मानले नाही. अनेक जाणकारांना हा निष्कर्ष मान्य नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास महाराष्ट्राचा विरोध आहे, आणि तो वाद खरा आहे. पण सीमेपलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवत असताना सीमेअलीकडे आपण मुरमाच्या किती लहान लहान भिंती मंजूर केल्या, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाने हाच प्रश्न मोठ्या आकारात समोर आणला. सुमारे ८०२ किलोमीटरच्या या मार्गाच्या आखणीत शिरोळ तालुक्यातील शेती येत होती. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यात त्यास तीव्र विरोध झाला. पिकाऊ जमीन जाणे हा पहिला आक्षेप होता. पूरपट्ट्यातील भरावामुळे पाणी अडेल हा दुसरा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. २०२५ साली मंत्रिमंडळाने प्रकल्पास पुन्हा मान्यता दिली आणि विरोधही पुन्हा उभा राहिला. महामार्गाचा भराव सर्वांना दिसतो, म्हणून त्यावर मोर्चे निघतात. वसाहतीकडे जाणाऱ्या अर्ध्या किलोमीटरच्या भरावावर मोर्चा निघत नाही, कारण तो आपल्याच भावकीतल्या कोणाच्या तरी घराकडे जातो.

येथे प्रामाणिकपणे एक अडचण मान्य केली पाहिजे. पुरात वेढल्या गेलेल्या गावाला उंच रस्ता हवाच असतो. रुग्ण, बाळंतीण, जनावरे बाहेर काढायची तर दुसरा उपाय नसतो. एका गावाला वाचवणारा भराव वरच्या अंगाच्या गावाला बुडवतो, हीच यातली खरी शोकांतिका आहे, आणि रस्ता नको म्हणून ती सुटत नाही. रस्ता कसा, हे विचारल्याने कदाचित सुटेल. नेदरलँड्सने १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर बांध आणखी उंच करण्यापलीकडचा विचार केला. 'नदीसाठी जागा' या नावाच्या कार्यक्रमात तीसहून अधिक ठिकाणी नदीला पसरण्यास वाव दिला. नायमेखेन शहराजवळ तर बांधच मागे सरकवला. शतकानुशतके पाणी हटवून जमीन मिळवणाऱ्या देशाने हे केले, ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ असा की, पूरपट्ट्यातील रस्त्याला भरावाऐवजी कमानी आणि खांब हवेत, ओढ्याला नळ्यांऐवजी त्याची पूर्ण रुंदी हवी, आणि वस्ती जयसिंगपुराप्रमाणे उंचवट्यावर हवी. यास पैसा अधिक लागतो. पण तीन महापुरांचा खर्च कोणी एकत्र मांडला तर तो अधिक वाटणार नाही.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात अमरापूरची, म्हणजे याच परिसराची कथा आहे. दरिद्री ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल असतो, त्यावर त्याची गुजराण चालते. गुरू तो वेल उपटतात, आणि खणताना मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडतो. भाविकांच्या दृष्टीने तो कृपेचा प्रसंग आहे. आजच्या जमीनव्यवहाराने मात्र या कथेतले अर्धेच उचललेले दिसते : वेल उपटला की खाली सोने असते. कथेत वेल उपटणारा हात कोणाचा होता आणि तो घरात आधी जेवून गेला होता, हे सोयीने गळून गेले आहे.

पोटखराब या शब्दाचा इतिहास सुटीपासून सुरू झाला, उपेक्षेत स्थिरावला आणि आता लिलावाकडे निघाला आहे. दप्तरातून तो काढून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. परवानगीच्या प्रत्येक कागदावर, निदान या चार नद्यांच्या तालुक्यात, आणखी एक रकाना असावा : पाणी कोठून येते, किती दिवस थांबते, कोठून जाते. त्या रकान्यात उत्तर नसेल तर सही होऊ नये. नृसिंहवाडीच्या देवळाला हा रकाना कोणी भरायला लावला नव्हता. तरी त्याला दक्षिणेकडे दार आहे.