लॅटिन उपासना व उपासनासुधारणा

लॅटिन उपासना व उपासनासुधारणा : रोमन कॅथलिक पंथातील मिस्साविधीची भाषा व स्वरूप यांविषयीचा वाद. ट्रेंट धर्मपरिषदेनंतर (१५४५–६३) पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये प्रसृत केलेली लॅटिन उपासनापोथी सु. चारशे वर्षे प्रमाण मानली गेली. उत्तर कोकणात हा विधी पोर्तुगीज सत्तेबरोबर स्थिरावला व १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावरही टिकून राहिला. धर्मबोधासाठी लोकभाषा वापरण्याची परंपरा मात्र जुनी आहे. टॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. पण वेदीवरील भाषा लॅटिनच राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संहितेत लॅटिन जतन करावी आणि लोकभाषांनाही वाव द्यावा, असे दुहेरी धोरण होते. पुढील वादाचे एक मूळ यात आहे. परंपरावाद्यांच्या मते लॅटिनमुळे सिद्धांताची अचूकता, विधीचे गांभीर्य व जागतिक एकता टिकते. सुधारणावाद्यांच्या मते भाविक हा प्रेक्षक नसून उपासनेत सहभागी असतो आणि न कळणाऱ्या भाषेत हा सहभाग अपुरा राहतो. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये सुधारित पोथी प्रसृत केली. त्याच वर्षी भारतातील बिशपांच्या विनंतीवरून रोमने आरती, समई, अंजलिमुद्रा इ. बारा भारतीय रूपांतरांस मान्यता दिली. त्यांवर हिंदूकरणाचा आक्षेप काही कॅथलिकांनी घेतला.

लॅटिन सामान्य भाविकांना सारखीच परकी असल्याने तिच्यामुळे कोणत्याही स्थानिक भाषकगटास अग्रक्रम मिळत नव्हता. ती मागे पडताच कोणती लोकभाषा स्वीकारावी, हा प्रश्न उभा राहिला. वसईत मराठी रुजली. १९९८ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला. खाडीच्या दक्षिणेस भाईंदर, नवघर, उत्तन या भागात मराठी बोली बोलणाऱ्या मूळच्या ईस्ट इंडियन समाजाबरोबर कोकणी व इंग्रजीभाषक कुटुंबेही असल्याने मिस्सेची भाषा हा समाजाच्या अस्मितेचाही प्रश्न ठरतो.

यूरोपात आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी सुधारणांना विरोध करून १९७० मध्ये स्वतंत्र धर्मगुरुसंघ स्थापिला. १९८८ मध्ये रोमच्या संमतीविना बिशपांना दीक्षा दिल्यामुळे ते बहिष्कृत ठरले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या विधीस दिलेली व्यापक मोकळीक पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये मर्यादित केली.