जनावर तब्येतीचं की हडकुळं? नजरेचा अंदाज किती खरा

बकरीदच्या बाजारात बहुतेक जण जनावर लांबूनच पाहतात आणि भाव बोलतात. पण नुसत्या नजरेवर किती विसंबायचं?

मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांत यासाठी ठरलेली पद्धत आहे, बॉडी कंडिशन स्कोअर. जनावराच्या अंगावर चरबी आणि मांस किती, याला गुण द्यायचे. अमेरिकेत मांसाच्या गाईंना १ ते ९ गुण देतात, ब्रिटनमध्ये १ ते ५. अमेरिकी पद्धतीत १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ. ४ गुणांच्या गाईच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसतात, ५ ला त्या सहसा झाकलेल्या असतात.

नजर कुठे चालते?
अगदी रोडावलेलं आणि अगदी माजलेलं जनावर कुणीही ओळखतो. गफलत होते ती मधल्या जनावरांत. एकच माणूस पुन्हा पाहतो तेव्हा त्याचे गुण बरेच जुळतात, दोन माणसांचे तेवढे जुळत नाहीत. सरावलेल्या माणसांतही एखाद्या गुणाचा फरक पडतो. तो छोटा नाही. मोठ्या गाईत एक गुण म्हणजे साधारण ३५ ते ४० किलो वजन.

नजर कशाने फसते?
दाट, लांब केसांखाली बरगड्या लपतात. भरपूर चारा-पाणी घेतलेलं किंवा गाभण जनावर भरल्यासारखं दिसतं. जातीचाही फरक असतो. दुधाळ जातीची हाडं तब्येत चांगली असूनही वर दिसतात. शेळी-बोकडात तर बरीच चरबी पोटाच्या आत साठते, त्यामुळे बाहेरून अंदाज आणखी अवघड.

म्हणून हात लावा
शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर हात ठेवा. मणक्याची टोकं बोचत असतील आणि कडेच्या हाडांखाली बोटं सहज शिरत असतील, तर जनावर हडकुळं. दाबल्यावरच हाड लागत असेल तर तब्येत ठीक. मग पुढच्या दोन पायांमधलं छातीचं हाड आणि बरगड्या चाचपा. पोटाच्या घेराकडे पाहून भाव ठरवू नका.

कुर्बानीशी संबंध
हजरत बरा बिन आझिब (रजि.) यांच्या हदीसमध्ये कुर्बानीला न चालणाऱ्या चार जनावरांत, हाडात मगजही न उरलेलं अति कृश जनावर येतं. म्हणजे थोडं बारीक जनावर आणि असं खंगलेलं जनावर यांत फरक आहे. शंका असेल तर आलिमांना विचारा.

हातालाही सगळं कळत नाही. जंत, झिजलेले दात किंवा आजार यांनीही जनावर वाळतं. त्यासाठी पशुवैद्यकीय डॉक्टरांनाच दाखवावं. ईदच्या आदल्या रात्री घाईत खरेदी करण्यापेक्षा काही दिवस आधी, उजेडात, चाचपून घेतलेलं जनावर केव्हाही बरं.