बिघडलेली की मुरलेली?

डिसेंबर महिन्यात बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात दुपारी पाचच्या आतच अंधारून येते. अशा गारठलेल्या संध्याकाळी तिथल्या लहान गावांतल्या बिअरगृहांत एक गडद तपकिरी बिअर पितात. ग्लास उजेडासमोर धरला तर ती लालसर दिसते. ती बर्फगार देत नाहीत, तळघराच्या तापमानाला देतात. नाकाशी नेली की आधी भिजवलेल्या मनुकांचा आणि काकवीचा वास येतो, मग जुन्या लाकडाचा, आणि त्याच्या मागून घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा. (ही उपमा चाखणाऱ्या जाणकारांचीच आहे, प्रस्तुत लेखकाची नव्हे.) पहिला घोट मात्र सरळ आंबट लागतो, शिळ्या ताकासारखा. गोडी मागाहून येते आणि मद्याची ऊब सर्वांत शेवटी. साध्या बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते. या जातीच्या काही बिअरमध्ये, उदाहरणार्थ आउडेनार्डे गावच्या लीफमान्सच्या ‘गाउडनबांड’मध्ये, ते ८ टक्के असते.

पहिल्यांदाच चाखणारा पाहुणा हमखास म्हणतो, ‘ही नासली आहे.’ त्याला हसू नये. लुई पाश्चर हेच म्हणाला असता.

मद्य हा शाळेत गुणगान करण्याचा विषय नव्हे, हे सांगायला नकोच. पण सूक्ष्मजीवशास्त्राचा इतिहास दारूभट्टीला वगळून लिहिता येत नाही. आणि या आंबट बिअरच्या निमित्ताने त्या इतिहासातला एक मोठा प्रश्न समोर येतो: ‘अशुद्धी’ कशाला म्हणायचे?

गोष्ट सुरू होते ती फ्लांडर्सच्याच फ्रेंच बाजूला, लील शहरात. तिथल्या विज्ञान शाखेचा प्रमुख असताना, १८५६ साली, पाश्चरकडे बिगो नावाचे एक कारखानदार तक्रार घेऊन आले. बिटापासून मद्यार्क करण्याच्या त्यांच्या काही टाक्या आंबट होत होत्या. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली रस पाहिला. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोलसर पेशी होत्या. आंबट टाकीत वेगळेच, लांबट कण दिसत होते. पुढच्याच वर्षी त्याने लॅक्टिक किण्वनावरचा आपला निबंध सादर केला. दुधाचे दही करणारे हेच आम्ल. ते आपोआप होत नाही, त्यामागे स्वतंत्र सजीव असतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला. जर्मन बिअरवर मात करणारी फ्रेंच बिअर बनवायची या ईर्ष्येने पाश्चर बिअरच्या अभ्यासाकडे वळला. १८७१ मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेला, तिथले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात नको ते जीव आहेत हे व्यवस्थापकांना दाखवून दिले. आठवड्याने तो पुन्हा गेला, तेव्हा कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता! १८७६ साली त्याचा बिअरवरचा ग्रंथ आला. त्यात बिअर आंबट होणे, बुळबुळीत होणे, पालटणे यांना त्याने सरळ ‘रोग’ म्हटले आणि त्या रोगांच्या कारकांची चित्रे दिली.

रोग म्हटला की उपचार आला. तो शोधला कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल क्रिश्चियन हान्सेनने. हा मूळचा घरे रंगवणारा कारागीर. कथा-कादंबऱ्या लिहून त्याने शिक्षणाचा खर्च भागवला, आणि डार्विनच्या ‘बीगल’ प्रवासवर्णनाचे डॅनिश भाषांतरही एका सहकाऱ्याबरोबर केले. हान्सेनच्या लक्षात आले की पाश्चर समजत होता तसे केवळ जीवाणूच बिअर बिघडवत नाहीत. यीस्टमध्येही चांगल्या आणि ‘रानटी’ जाती असतात. म्हणून त्याने एकच पेशी वेगळी काढली आणि तिच्यापासून पुढची सारी पिढी वाढवली. १८८३ च्या नोव्हेंबरात कार्ल्सबर्गने हे शुद्ध यीस्ट उत्पादनात वापरले. कारखान्याचे मालक याकोबसेन यांनी ते स्वतःपुरते न ठेवता इतरांनाही दिले. आज जगभर प्यायली जाणारी फिकी, स्वच्छ, दर वेळी तंतोतंत तशीच लागणारी बिअर ही या एका पेशीच्या कल्पनेची संतती आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण इंग्लंडमध्ये घोटाळा झाला.

तिथे कडक बिअर महिनोन् महिने, कधी वर्षभर पिंपांत मुरवण्याची रीत होती. शुद्ध यीस्ट वापरल्यावर ही बिअर मुरेचना. पहिले किण्वन छान व्हायचे, पण पिंपात जे दुसरे, संथ किण्वन व्हायला हवे ते होत नसे आणि ओळखीची चव येत नसे. काही कारखानदारांनी शुद्ध यीस्टचा नाद सोडूनही दिला. याचा उलगडा पुन्हा कोपनहेगनमध्येच झाला. १९०४ साली नील्स येल्टे क्लाउसेनने लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंगपुढे सांगितले की मुरवणीची ती चव देणारे यीस्ट वेगळेच आहे. ते हळू वाढते, पिंपाच्या लाकडात तग धरते, आणि हान्सेनच्या पद्धतीत नेमके तेच गाळले जाते! ब्रिटिश बिअरमध्ये सापडलेली बुरशी म्हणून त्याने नाव दिले ‘ब्रेटॅनोमायसिस’.

घोंगडीचा तो वास याचेच काम. धान्याच्या सालीतून आलेल्या फेरुलिक आम्लासारख्या पदार्थांपासून हे यीस्ट काही उग्र वासाची फेनॉल संयुगे बनवते. प्रमाण थोडे असेल तर चवीला खोली येते, जास्त झाले तर तबेला.

जाता जाता एक गोष्ट रसायनाच्या शिक्षकांसाठी. आंबटपणा मोजण्याचे आपले माप, pH, हेही त्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत जन्मले. सोरेनसेनने ते १९०९ साली मांडले. साध्या बिअरचा pH ४ च्या थोडा वर असतो, आंबट तपकिरी बिअरचा ३.५ च्या आसपास किंवा त्याहून कमी. एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांची दसपट, हे शिकवायला लिंबूपाणी आणि ताक यांच्या जोडीला हेही उदाहरण चालेल.

आता परत फ्लांडर्सकडे. रूसेलारे गावात १८२१ साली रोडेनबाख भावांनी बिअरचा कारखाना काढला. त्यांतला अलेक्झांडर लहानपणीच अंध झालेला होता. पॅरिसला व्हॅलँतँ आउई यांच्याकडे तो शिकला आणि पुढे बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तिथल्या राष्ट्रीय सभेचा सदस्य झाला. आपल्या विषयाशी जास्त संबंध त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीतील युजीनचा. त्याने १८७८ मध्ये कारखाना हाती घेतला आणि इंग्लंडमध्ये जाऊन बिअर मुरवण्याचे तंत्र शिकून आला. गंमत पहा: इंग्लंडने ही रीत पुढे जवळजवळ सोडून दिली, आणि ती टिकली ती उसनी घेणाऱ्याच्या घरी.

रोडेनबाखमध्ये छतापर्यंत पोचणाऱ्या ओकच्या २९४ उभ्या टाक्या आहेत. काही टाक्यांत पन्नास हजार लिटरहून अधिक बिअर मावते, आणि कित्येक शंभर वर्षांहून जुन्या आहेत. त्यांची डागडुजी करणारे पिंपकार कारखान्याच्या नोकरीत असतात. टाकीत बिअर दोन वर्षे राहते. लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू तिला आंबटपणा देतात. लाकडातून अगदी थोडा ऑक्सिजन झिरपतो, त्यावर ॲसेटिक आम्लाचे जीवाणू जगतात आणि व्हिनेगरची झाक आणतात. हवा जास्त झाली तर सगळ्याचेच व्हिनेगर होईल. आम्ले आणि मद्यार्क यांच्या संयोगातून एस्टर तयार होतात, म्हणून फळ न घालताही चेरीसारखा वास येतो. शेवटी जुनी बिअर ताज्या बिअरमध्ये मिसळून चव जुळवतात: नेहमीच्या बिअरसाठी एक भाग जुनी आणि तीन भाग ताजी, खास प्रतीसाठी दोन भाग जुनी आणि एक भाग ताजी. हे प्रमाण यंत्र ठरवत नाही, जीभ ठरवते.

इथे आधीच्या खेपेतले मिश्र यीस्ट पुढच्या खेपेला लावत, म्हणजे आपल्या विरजणासारखेच. ब्रसेल्सजवळची तिची बहीण, लँबिक बिअर, त्याहून धीट. तिला काहीच लावत नाहीत. इडलीच्या पिठासारखी ती आपोआप आंबते. उकळलेला रस पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतून, भिंतींतून, पिंपांतून येतील त्या सूक्ष्मजीवांवर सोपवतात. तिथे कोळ्यांची जाळीही झाडत नाहीत, कारण व्हिनेगरचे जीवाणू वाहून आणणाऱ्या माश्या कोळी खातात. हा उद्योग फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, चालतो. उन्हाळ्यात रस वेळेत निवत नाही आणि नको ते जीवाणू माजतात. २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रसेल्सच्या रात्री इतक्या उबदार राहिल्या की १९०० सालापासून चालत आलेल्या कँटिलॉन कारखान्याला काही काळ काम थांबवावे लागले.

१९२१ साली कुफेराथ आणि व्हान लार यांनी लँबिकमध्येही ब्रेटॅनोमायसिस सापडल्याचे सांगितले; त्यातल्या एका जातीचे नाव ‘ब्रुक्सेलेन्सिस’. पुढे १९७० च्या दशकात लूव्हाँ विद्यापीठातील संशोधकांनी या पिंपांतली पाळी लावून दाखवली. आधी आतड्यातल्या जीवाणूंचे नातेवाईक येतात, मग नेहमीचे यीस्ट साखर संपवते, मग पेडिओकोकस आम्ल करतो, आणि आठेक महिन्यांनी ब्रेटॅनोमायसिस येऊन उरलेल्या अवघड शर्करा पचवते. प्रत्येक जण पुढच्यासाठी जागा तयार करून जातो. पाश्चरने चितारलेल्या ‘रोग्यां’पैकी कित्येक इथे नुसत्या हजेरीवर नाहीत, रांगेत आहेत.

अशी मंडळी एका पेशीसारखी परीक्षानळीत साठवून ठेवता येत नाहीत. एझन हे फ्लांडर्समधलेच एक लहान गाव. तिथे १९८० साली काही भावांनी ‘डे डोले’ नावाने बंद पडलेली भट्टी पुन्हा सुरू केली. त्यांची ऊरबीर ही गडद कडक बिअर आणि नाताळची श्टिले नाख्ट ही दोन्ही रोडेनबाखहून आणलेल्या यीस्टवर होत. शेजाऱ्याकडून विरजण आणावे तसे ते जाऊन घेऊन येत. १९९८ मध्ये रोडेनबाख पाम कंपनीने विकत घेतली, आणि त्यानंतर लवकरच बाहेर यीस्ट देणे बंद झाले. भावांनी हाताशी उरलेले वाढवून काम चालू ठेवले. बिअर आजही निघते, चांगलीच निघते. पण जुनी पिणारे सांगतात की पूर्वीची ती आंबट धार आता तशी लागत नाही. आणि तुलना करायची तर त्या वर्षांपूर्वीची एखादी बाटली कुणाच्या तरी तळघरात शिल्लक असावी लागते.