मास्टर महेशचं पुढे काय झालं?

बालकलाकाराच्या नावाआधी 'मास्टर' किंवा 'बेबी' लावायची आपल्या सिनेमावाल्यांची जुनी पद्धत. गंमत अशी की या बिरुदाला एक्सपायरी डेट असते. मिसरूड फुटलं की 'मास्टर' गळून पडतं, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी माणूस 'माजी' होतो! बोर्डात आलेल्या मुलांचं असंच होतं ना? आयुष्यभर ओळख एकच, "हा बोर्डात आला होता."

तर आजचा विषय, महेश कोठारे. 'डॅम इट'वाले.

घरात नाटक होतंच, वडील अंबर कोठारे रंगभूमीवर काम करायचे. १९६३ च्या 'छोटा जवान'मध्ये महेश पडद्यावर आला. मग १९६८ चा हिंदी 'राजा और रंक'. मार्क ट्वेनच्या 'द प्रिन्स अँड द पॉपर'वर बेतलेला. त्यात राजपुत्र आणि गरीब मुलगा, दोन्ही भूमिका याच्याच. म्हणजे शाळेच्या वयात डबल रोल! १९७० मध्ये 'घर घर की कहानी'. आणि मग मास्टर महेश मोठा झाला.

इथून पुढे रस्ते कसे फुटतात बघा. 'श्यामची आई'तला (१९५३) श्याम, म्हणजे माधव वझे, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. मास्टर सचिन १९७५ च्या 'गीत गाता चल'मध्ये थेट हिरो झाला. महेशने कायद्याची पदवी घेतली आणि चक्क वकिली केली. आता ही 'फॉलबॅक' डिग्री म्हणायची की शहाणपण, तुम्हीच ठरवा. पण नुसत्या जुन्या फोटोंवर जगायचं नाही, एवढं त्याने ठरवलेलं दिसतं.

१९८५ साली तो परतला तो दिग्दर्शक होऊन. 'धुमधडाका' हा हिंदी 'प्यार किये जा'चा (१९६६) मराठी अवतार, आणि तो हिंदी सिनेमा मुळात तमिळवरून घेतलेला. मग 'दे दणादण' (१९८७), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३). 'धडाकेबाज' मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून ओळखला जातो, आणि 'झपाटलेला २' २०१३ मध्ये थ्रीडीत आला. नवीन टेक्नॉलॉजी दिसली की ती मराठीत आणून बघायची, ही या माणसाची खोड मला इंजिनियर म्हणून फार आवडते.

या सिनेमांच्या दर्जावर वाद घालणारे घालोत. आमच्या अंबरनाथ पूर्वेला गणपतीत पडदा बांधून 'धडाकेबाज' लावला की पडद्याच्या मागच्या बाजूलाही पोरं बसायची (उलटी अक्षरं वाचत!). ही सगळी गोष्ट खरं तर त्या पोरांसाठीच रचलेली होती. बाटलीतला गंगाराम काय, बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू काय, हे मोठ्यांच्या डोक्यातून सहसा निघत नाही. आपण लहान होतो हे जो विसरला नाही, त्यालाच ते सुचतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दिग्दर्शक स्वतः, पडद्यावर नायकही स्वतः. अशा माणसाने सगळे टाळ्यांचे प्रसंग आपल्याकडे ठेवले असते तर कोण अडवणार होतं? याने काय केलं, तर स्वतः सरळसोट इन्स्पेक्टर झाला आणि हशा सगळा लक्ष्मीकांत बेर्डेला देऊन टाकला. लहानपणी ज्याच्याकडे सगळं थिएटर बघत होतं, त्याने मोठेपणी बाजूला सरकून उभं राहणं सोपं नसणार. लक्ष्या २००४ मध्ये गेला, पण आजही 'झपाटलेला' म्हटलं की आधी तोच आठवतो आणि कोठारे नंतर. हे कोठाऱ्यांचं अपयश नाही, तीच त्यांची कमाई.

१९९४ च्या 'माझा छकुला'त त्यांनी मुलाला, आदिनाथला, बालकलाकार म्हणून आणलं. तोही पुढे दिग्दर्शक झाला. २०१४ मध्ये कोठारे व्हिजनची 'जय मल्हार' मालिका घराघरात गेली.

आपल्या क्षेत्रातही तिशीच्या आतच स्टार झालेले आणि चाळिशीत 'माजी स्टार' झालेले खूप दिसतात. पहिली टाळी नशिबाने मिळू शकते हो. दुसरी मिळवायला कधीकधी ती आधी दुसऱ्याला मिळवून द्यावी लागते.

असो. रविवार संपत आला. 'थरथराट' कितव्यांदा बघताय ते सांगा!